सॅच्युरेशन ९८, श्वास १४: सीओपीडीच्या एका रुग्णाचा प्रकरण अभ्यास

जानेवारीतील एका पहाटे पश्चिम महाराष्ट्राच्या डोंगराळ भागातून ६४ वर्षांच्या एका शेतकरी आजींना त्यांच्या मुलाने जीपमधून जिल्ह्याच्या ठिकाणच्या रुग्णालयात आणले. चार दिवसांपासून खोकला वाढला होता, पांढरा बेडका पिवळा झाला होता आणि आदल्या रात्री तर त्यांना आडवे होणेही जमले नव्हते. भिंतीला पाठ लावून, गुडघ्यांवर हात रोवून त्यांनी रात्र काढली होती. विडी-सिगारेट त्यांनी आयुष्यात कधी ओढलेली नव्हती. मात्र लग्न झाल्यापासून सुमारे पंचेचाळीस वर्षे त्यांचा स्वयंपाक चुलीवर झाला होता: सरपण, शेणी आणि पावसाळ्यात ओल्या काटक्या. घरात गॅस येऊनही काही वर्षे झाली होती, पण भाकरी आणि अंघोळीचे पाणी अजून चुलीवरच होत असे. दर हिवाळ्यात ‘दमा उठला’ की गावातल्या डॉक्टरांकडून इंजेक्शन आणि चार दिवसांच्या गोळ्या, एवढाच त्यांच्या आजाराचा इतिहास होता. स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत फुंकून फुप्फुसांची क्षमता मोजणारी तपासणी, एकदाही झालेली नव्हती.

धूम्रपान न करणाऱ्यांनाही सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद होऊन हवा अडकून राहणारा फुप्फुसांचा जुनाट आजार, होतो आणि त्यामागे चुलीच्या धुराचा मोठा वाटा असतो, याकडे पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ साली ‘लॅन्सेट’मधून लक्ष वेधले होते. तरीही ग्रामीण भागातील स्त्रीला धाप लागली की ‘दमा’ हाच शब्द केसपेपरवर उतरतो आणि पुढचे उपचार त्या शब्दाच्या मागे जातात. या प्रकरणात त्या शब्दाने बरेच काही ठरवले. रुग्णाची ओळख पटेल असे तपशील येथे वगळले आहेत.

पहिली तपासणी

अपघात विभागात पोहोचायला सकाळचे सात वाजून दहा मिनिटे झाली. आजी खाटेच्या कडेला पुढे झुकून बसल्या होत्या, दोन्ही तळहात गादीवर रोवलेले होते आणि ओठ आवळून त्या श्वास हळूहळू सोडत होत्या. एका दमात तीन-चार शब्दांपलीकडे बोलता येत नव्हते. श्वास घेताना मानेच्या दोन्ही बाजूंचे स्नायू ताठ उभे राहत होते, गळ्याखालचा खळगा आत ओढला जात होता आणि खालच्या बरगड्या बाहेर फाकण्याऐवजी आत येत होत्या. हे शेवटचे लक्षण हूवरचे चिन्ह म्हणून ओळखले जाते. फुप्फुसांत हवा अडकून छाती फुगलेली असली की श्वासपटलाचा (छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्यासारख्या स्नायूचा) घुमट सपाट होतो आणि मग ते आकुंचन पावले की खाली सरकण्याऐवजी बरगड्यांनाच आत खेचते. दम्याच्या साध्या झटक्यापेक्षा हा आजार जुना आहे, हे सांगणारी ही खूण कोणत्याही यंत्राशिवाय, केवळ लुगड्याचा पदर बाजूला करून पाहिल्यावर दिसली.

ऑक्सिमीटर बोटाला लावला तेव्हा आकडा ६९ आणि ७८ यांच्यामध्ये हेलकावत राहिला. थंडीत उघड्या जीपमधून आल्यामुळे बोटे गार पडली होती. तिथल्या इंटर्न डॉक्टरने घाई न करता प्रोब काढला, तळहात चोळून बोटांना ऊब आणली, पुन्हा प्रोब लावला आणि पडद्यावरची लहर नीट येऊन यंत्राची नाडी मनगटावरच्या नाडीशी जुळल्यावरच ८१ टक्के अशी नोंद केली. त्याने श्वासही पूर्ण मिनिटभर मोजला: ३२. नाडी ११८, रक्तदाब १५८/९२, तापमान ९९.४ अंश फॅरनहाइट, रुग्ण पूर्ण शुद्धीवर. छातीत दोन्ही बाजूंना शिट्टीसारखे आवाज होते आणि श्वास सोडण्याचा काळ घेण्याच्या काळापेक्षा स्पष्टपणे लांबलेला होता. ही तपासणी जशी व्हायला हवी तशीच झाली.

पुढचे दोन तास

ऑक्सिजन तातडीने सुरू झाला, रिझर्व्हॉयर बॅगच्या मास्कने, मिनिटाला १० लिटर. सॅच्युरेशन ८१ असताना ऑक्सिजन न देण्याचा प्रश्नच नसतो, त्यामुळे हा निर्णय बरोबर होता. मात्र तो कुठवर द्यायचा, सॅच्युरेशन कितीवर ठेवायचे, हे केसपेपरवर कुणीच लिहिले नाही. ‘ऑक्सिजन चालू ठेवणे’ एवढीच सूचना वॉर्डात पोहोचली. साल्ब्युटामॉल आणि इप्राट्रोपियम या श्वासनलिका रुंदावणाऱ्या औषधांचे नेब्युलायझेशन (औषधाचा फवारा श्वासातून देणे) लागोपाठ तीन वेळा झाले, तेही भिंतीतल्या ऑक्सिजनच्या पाइपवर, कारण कॉम्प्रेसरचे यंत्र दुसऱ्या खाटेकडे होते. हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड आणि अँटिबायोटिक दिले गेले.

वॉर्डातला टीपीआर चार्ट (तापमान, नाडी, श्वास यांच्या नोंदींचा तक्ता) पाहिला तर रुग्ण सुधारत होता. आल्यावर श्वास ३२, आठला २४, नऊला २०. सॅच्युरेशन आठला ९६ आणि नऊला ९८. नाडी ११८ वरून १०४ वर आली होती, रक्तदाब १४६/८८ होता. शिट्टीसारखे आवाज कमी झाले होते, आणि त्याची नोंद ‘छाती मोकळी होत आहे’ अशी झाली. आजींची मान उशीवर कलली होती. मुलाने समाधानाने सांगितले, “रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता, आत्ता कुठं शांत झोपली आई.” जो कोणी चार्ट चाळून पुढे गेला असता त्याला थांबण्याचे काहीच कारण दिसले नसते.

त्या दिवशी नऊ वाजताच्या फेरीत वॉर्डातील बहुतेक रुग्णांच्या श्वासाच्या रकान्यात २० हाच आकडा होता. हे कोणा एका परिचारिकेचे अपयश मानणे अन्यायाचे होईल. एका हातात बीपीचा पट्टा, दुसऱ्या हातात थर्मामीटर आणि समोर भरलेला वॉर्ड असताना नाडी, दाब, तापमान आणि सॅच्युरेशन ही चारही मोजमापे यंत्र देते. श्वासासाठी मात्र माणसाला एका जागी उभे राहून पूर्ण एक मिनिट द्यावे लागते. ते मिनिट कुणी मागत नाही, राउंडला त्याबद्दल कुणी विचारत नाही, आणि जे कुणी विचारत नाही ते हळूहळू अंदाजाने लिहिले जाऊ लागते. आठचा २४ आणि नऊचा २० हे आकडे मोजलेले होते की अंदाजाचे, हे नंतर ठरवता आले नाही.

नऊ वाजून चाळीस मिनिटे

नऊनंतर ड्युटी बदलली. नव्याने आलेल्या सिस्टरनी हँडओव्हर घेताना चार्ट हातात घेतला, पण नजर रुग्णावर ठेवली. पुढच्या पाच-सात मिनिटांत त्यांनी जे केले ते क्रमाने लिहून ठेवण्यासारखे आहे.

त्यांनी आधी आजींच्या मनगटावर बोटे ठेवली. नाडी पाहत आहोत असे वाटावे आणि श्वासाकडे रुग्णाचे लक्ष जाऊ नये म्हणून परिचर्येत हीच रीत शिकवतात, कारण आपला श्वास मोजला जातो आहे हे कळले की माणूस तो नकळत बदलतो. मनगट धरताच त्यांच्या लक्षात आले की हात गरम आहे आणि नाडी बोटांवर जोरात आदळते आहे. सकाळी हीच बोटे इतकी गार होती की ऑक्सिमीटर चालत नव्हता. कार्बन डायऑक्साइड वाढला की कातडीच्या रक्तवाहिन्या फैलावतात. जानेवारीच्या सकाळी धाप लागलेल्या रुग्णाचे हात असे गरम लागणे ही दखल घेण्याजोगी गोष्ट असते.

मग त्यांनी घोंगडी कमरेपर्यंत खाली केली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत पूर्ण मिनिट मोजले. श्वास १४ भरले. पण मोजताना त्यांनी आणखी दोन गोष्टी पाहिल्या. प्रत्येक श्वास उथळ होता, इतका की मास्कची बॅग जेमतेम हलत होती. आणि श्वास घेताना छाती किंचित वर येत होती तेव्हा पोट आत जात होते. निरोगी माणसाचे श्वासपटल खाली उतरते आणि पोट बाहेर येते. ते उलटे होऊ लागले की श्वासपटल थकले आहे आणि काम मानेच्या व बरगड्यांच्या स्नायूंवर येऊन पडले आहे असे समजावे. सकाळी ताठ उभे राहणारे मानेचे स्नायूही आता सैल दिसत होते.

“आजी, ओ आजी,” अशी हाक मारल्यावर डोळे उघडले आणि पुन्हा मिटले. दुसऱ्यांदा खांदा हलवून नाव विचारले तर उत्तर आले, पण उशिरा आणि अर्धवट. डोळ्यांच्या पांढऱ्या भागात लाली होती. सिस्टरनी त्यांचे दोन्ही हात पुढे धरवून पंजे मनगटातून मागे वळवायला लावले. क्षणभर पंजे स्थिर राहिले आणि मग फडफडत खाली पडू लागले; कार्बन डायऑक्साइड साठल्यावर असे होते. छातीला स्टेथोस्कोप लावला तेव्हा शिट्टीचे आवाज खरोखरच कमी होते, पण श्वासाचे आवाजही तितकेच कमी होते. हवा आतबाहेर जात असेल तरच शिट्टी वाजते. ती कमी झाली तेव्हा हवेचे येणे-जाणे वाढले आहे की घटले आहे, हे श्वासाच्या मूळ आवाजावरून ठरवायचे असते.

त्यांनी निवासी डॉक्टरांना फोन केला. “मॅडम, आजी झोपलेल्या नाहीत, गुंगीत आहेत. श्वास चौदा आहे, पण पोट आत जातंय आणि हात फडफडतायत. सॅच्युरेशन अठ्ठ्याण्णव आहे, ऑक्सिजन दहा लिटरवर आहे.” एवढ्या तीन वाक्यांत निदान जवळजवळ झालेले होते. डॉक्टर येईपर्यंत त्यांनी मास्क काढला नाही, प्रवाह बंद केला नाही, डोके उंच केले आणि एबीजीचे (धमनीतील रक्तातल्या वायूंच्या तपासणीचे) साहित्य काढून ठेवले.

धमनीतील रक्ताने काय सांगितले

नऊ वाजून पन्नास मिनिटांनी घेतलेल्या नमुन्यात पीएच ७.२५ होता (तो घसरला म्हणजे रक्ताची आम्लता वाढली), कार्बन डायऑक्साइडचा दाब ७८ मिलिमीटर, आम्लता आवरणारे बायकार्बोनेट ३३ आणि ऑक्सिजनचा दाब १४२. कार्बन डायऑक्साइडचा दाब सामान्यतः ३५ ते ४५ असतो. तो अचानक वाढतो तेव्हा दर १० मिलिमीटरमागे बायकार्बोनेट साधारण १ ने वाढते, म्हणजे या रुग्णात ते २८ च्या आसपास असायला हवे होते. ते ३३ होते याचा अर्थ मूत्रपिंडे आधीपासूनच, निदान काही दिवसांपासून, साठलेल्या कार्बन डायऑक्साइडची भरपाई करत होती. आजार पूर्ण जुना असता तर ते ३७ च्या घरात गेले असते आणि पीएचही इतका घसरला नसता. थोडक्यात, जुन्या साठ्यावर नव्याने पडलेली भर असे हे चित्र होते आणि या बाईंचा ‘दमा’ हा अनेक वर्षांचा सीओपीडी होता.

सॅच्युरेशन मात्र नऊनंतरही ९८ राहिले, आणि ते खोटे नव्हते. जपानी अभियंता ताकुओ आओयागी यांनी १९७४ साली मांडलेल्या तत्त्वावर चालणारा ऑक्सिमीटर दोन प्रकारच्या प्रकाशकिरणांवरून हिमोग्लोबिनला किती ऑक्सिजन चिकटला आहे एवढेच मोजतो. कार्बन डायऑक्साइड त्याला दिसत नाही. रुग्ण साधी हवा घेत असेल तर श्वास मंदावल्यावर सॅच्युरेशनही लवकर खाली येते आणि धोका कळतो. पण मास्कमधून भरपूर ऑक्सिजन चालू असला की श्वास निम्म्यावर आला तरी आकडा तसाच उभा राहतो. कोरोनाच्या काळात हे यंत्र घराघरांत पोहोचले. सप्टेंबर २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आशाताई ते हातात घेऊन दारोदार फिरल्या. त्या साथीत त्याने असंख्य लोकांना वेळेवर रुग्णालयात पोहोचवले, आणि त्यामुळेच त्या आकड्यावर आपला विश्वास इतका घट्ट बसला की ‘किती आहे?’ या प्रश्नाचा अर्थ आता ‘सॅच्युरेशन किती आहे?’ असाच होतो. न्यूमोनियाच्या रुग्णात हा प्रश्न बहुतेक वेळा योग्य असतो. सीओपीडीच्या रुग्णाला ऑक्सिजन लावल्यावर तो पुरत नाही.

श्वास १४ असण्याचा अर्थ लावायला थोडे गणित करावे लागते. प्रत्येक श्वासातली साधारण १५० मिलिलिटर हवा श्वासनलिकांतच राहते आणि रक्तापर्यंत पोहोचत नाही. निरोगी माणूस मिनिटाला १४ वेळा ५०० मिलिलिटरचा श्वास घेतो तेव्हा दर श्वासाला ३५० मिलिलिटर, म्हणजे मिनिटाला ४.९ लिटर हवा कामी येते. या रुग्णाच्या श्वासाचे आकारमान मोजलेले नव्हते, पण उदाहरणादाखल ते २५० मिलिलिटर धरले तर त्याच १४ श्वासांत केवळ १.४ लिटर हवा कामी येईल. आणि सीओपीडीत वाया जाणारी हवा १५० पेक्षा जास्तच असते. सकाळी ३२ च्या गतीने आजी थकत होत्या, पण पुरेशी हवा ओढत होत्या. चार्टवर जो उतार सुधारणा म्हणून दिसला तो खरे तर स्नायूंनी काम सोडून देण्याचा उतार होता.

ऑक्सिजनने नेमके काय बिघडवले, याचे वॉर्डात सर्रास दिले जाणारे उत्तर अर्धेच बरोबर आहे. ‘सीओपीडीच्या रुग्णाला ऑक्सिजनची कमतरता श्वास घ्यायला लावते, ऑक्सिजन दिला की ती प्रेरणा जाते’ असे सांगितले जाते. प्रेरणा काही प्रमाणात घटते हे खरे, पण १९८० च्या सुमारास झालेल्या मोजमापांतून असे दिसले की श्वासाचे एकूण प्रमाण थोडेच कमी होते आणि कार्बन डायऑक्साइड मात्र त्या मानाने फार वाढतो. मोठे कारण फुप्फुसांच्या आत असते. ज्या भागांत हवा नीट पोहोचत नाही तिथल्या रक्तवाहिन्या एरवी आकसून रक्त चांगल्या भागांकडे वळवतात. ऑक्सिजनचे प्रमाण अचानक वाढले की ही आकसण सुटते, रक्त पुन्हा निकामी भागांकडे जाते आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर न पडताच परत फिरते. त्यात भर म्हणून ऑक्सिजनने भरलेले हिमोग्लोबिन स्वतःजवळचा कार्बन डायऑक्साइड सोडून देते; यालाच हॅल्डेन परिणाम म्हणतात. हा तपशील केवळ परीक्षेपुरता नाही. प्रेरणेचीच गोष्ट डोक्यात असली तर ‘रुग्ण जोरजोरात श्वास घेतो आहे, मग काळजी नाही’ असा चुकीचा दिलासा मिळतो.

गुणांकनाचा पडताळा

इंग्लंडमधील रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ साली सुधारलेली न्यूज-२ ही गुणपद्धती आता आपल्याकडेही काही रुग्णालयांत वापरली जाते. या प्रकरणाच्या नोंदी तिच्यात घालून पाहिल्या. आगमनाच्या वेळी श्वासाचे ३, सॅच्युरेशनचे ३ आणि नाडीचे २ मिळून ८ गुण होतात, म्हणजे तातडीची पातळी. नऊ वाजताच्या चार्टवरून ऑक्सिजन चालू असल्याचे २ आणि नाडीचा १ असे फक्त ३ गुण होतात. कागदावर रुग्ण ८ वरून ३ वर उतरला.

पण या पद्धतीत सॅच्युरेशनच्या दोन मोजपट्ट्या आहेत. ज्या रुग्णांचा कार्बन डायऑक्साइड साठतो त्यांच्यासाठी दुसरी पट्टी असून तिच्यात ८८ ते ९२ हे उद्दिष्ट धरलेले आहे आणि ऑक्सिजनवर असताना सॅच्युरेशन ९७ किंवा त्याहून अधिक गेले तर त्याचेच ३ गुण धरले जातात. ती पट्टी लावली असती तर नऊ वाजताच ६ गुण झाले असते आणि डॉक्टरांना बोलवावे लागले असते. शुद्धीची नोंद ‘झोप’ अशी न करता ‘हाकेला प्रतिसाद’ अशी केली असती तर आणखी ३, म्हणजे एकूण ९. लक्षात घेण्यासारखे हे की नऊ गुणांच्या या हिशोबातही श्वासाचा वाटा शून्यच आहे, कारण १२ ते २० हा आकडा तक्ता निर्दोष मानतो. श्वासाची खोली, पोटाची हालचाल आणि मानेचे स्नायू यांना या तक्त्यात रकाना नाही. म्हणून टीपीआर चार्टवर श्वासाच्या आकड्याशेजारी ‘उथळ’, ‘पोट उलटे’, ‘मान वापरते’ असे दोन शब्द लिहिण्याची सवय लावावी, असे माझे ठाम मत आहे. त्यासाठी नवा फॉर्म लागत नाही.

उपचार

निवासी डॉक्टरांनी पहिली गोष्ट केली ती ऑक्सिजन कमी करण्याची, बंद करण्याची नव्हे. कार्बन डायऑक्साइडचा दाब ७८ असताना रुग्णाला एकदम साध्या हवेवर आणले तर वायुकोशांत ऑक्सिजनला उरणारी जागा हिशोबाने काढता येते: समुद्रसपाटीला सुमारे १५० मधून ७८ भागिले ०.८ वजा केले की ५२ मिलिमीटरच्या आसपास दाब उरतो, आणि धमनीत तो त्याहूनही कमी असतो. घाबरून मास्क ओढून काढणे हे सकाळच्या ८१ पेक्षाही खाली नेणारे ठरले असते. रिझर्व्हॉयर मास्कच्या जागी २८ टक्क्यांचा, म्हणजे तेवढ्याच ठरावीक प्रमाणात ऑक्सिजन देणारा, व्हेंचुरी मास्क लावला आणि सॅच्युरेशन ९१ वर स्थिरावले. पुढची नेब्युलायझेशन कॉम्प्रेसरवर, म्हणजे साध्या हवेवर, देण्याची सूचना लिहिली गेली.

पीएच ७.३५ च्या खाली आणि कार्बन डायऑक्साइड ४५ च्या वर असल्यामुळे बायपॅप, म्हणजे घट्ट मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासाला मदत करणारे यंत्र, सुरू करण्याचे ठरले. येथे एक अडचण आली जी पुस्तकांत सहसा सापडत नाही. आजींच्या नाकात मोरणी होती आणि वरचे दात पडलेले असल्यामुळे गाल आत गेले होते. मास्क कितीही आवळला तरी दोन्ही बाजूंनी हवा निसटत होती आणि यंत्र सतत वाजत होते. मुलाच्या परवानगीने मोरणी काढून त्याच्या रुमालात दिली, गालांच्या खळग्यांशी घडी केलेले गॉज ठेवले आणि पट्टे उलट थोडे सैल केले, तेव्हा मास्क बसला. दाब श्वास आत घेताना १२ आणि बाहेर सोडताना ५ (सेंटिमीटर पाणी) पासून सुरू करून आत घेतानाचा दाब तासाभरात १८ पर्यंत नेला. सिस्टर पहिला अर्धा तास खाटेजवळून हलल्या नाहीत. गुंगीतल्या रुग्णाला मास्कमध्ये उलटी झाली तर ती फुप्फुसांत जाण्याचा धोका असतो आणि तो कुठलाही अलार्म वेळेवर सांगत नाही.

अकरा वाजता, म्हणजे बायपॅपच्या साधारण एका तासानंतर, पीएच ७.३१ आणि कार्बन डायऑक्साइड ६४ झाला होता. पूर्ण मिनिट मोजलेला श्वास २४ होता. १४ वरून २४ ही वाढ पाहून एका विद्यार्थ्याने रुग्ण बिघडत असल्याची शंका काढली, आणि ती शंका विचारली हे चांगले झाले, कारण तिचे उत्तर खाटेजवळच देता आले: पोट आता श्वासाबरोबर बाहेर येत होते, डोळे उघडे होते आणि आजी मास्कमधूनच “पाणी द्या” म्हणत होत्या. दुपारी तीनला पीएच ७.३५ आणि कार्बन डायऑक्साइड ५८ होता. पुढच्या दोन रात्री बायपॅप चालू ठेवून दिवसा थोडा थोडा काढला. सातव्या दिवशी त्यांना घरी सोडले.

अशा वेळी ऑक्सिजन मोजूनमापून देण्याचा फरक किती मोठा असतो, यासाठी टास्मानियातील एक चाचणी सांगितली पाहिजे. सीओपीडी वाढल्याची शंका असलेल्या ४०५ रुग्णांना रुग्णवाहिकेत नेताना काहींना सरसकट जास्त प्रवाहाने ऑक्सिजन दिला गेला आणि काहींना सॅच्युरेशन ८८ ते ९२ राहील इतकाच. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दुसऱ्या गटातील मृत्यू ५८ टक्क्यांनी कमी होते; ज्यांचा सीओपीडी नंतर पक्का ठरला त्यांच्यात ते ७८ टक्क्यांनी कमी होते. यात नवे औषध नव्हते, नवे यंत्र नव्हते. तरीही आपल्याकडे १०८ मधून येणारा जवळजवळ प्रत्येक धापेचा रुग्ण दहा लिटरवरच येतो, आणि त्यामागे हयगय नसून ‘जास्त ऑक्सिजन म्हणजे जास्त काळजी’ ही प्रामाणिक समजूत असते.

मोजण्याविषयी थोडे

पंधरा सेकंद मोजून चारने गुणण्याची सवय सर्वत्र आहे. त्यात एक श्वास इकडेतिकडे झाला की अंतिम आकड्यात ४ चा फरक पडतो. २० आणि २४ यांत न्यूज-२ चे २ गुण आहेत. शिवाय सीओपीडीच्या थकलेल्या रुग्णाचा श्वास सम गतीने चालत नाही, मध्येच थांबतो, मध्येच लगबग करतो, म्हणून मिनिटापेक्षा कमी मोजण्यात अर्थ नाही. छातीवर पदर, शाल, घोंगडी असेल तर रुग्णाचाच हात त्याच्या पोटावर ठेवून त्या हाताची हालचाल मोजावी. मॉनिटर छातीवरच्या चिकटपट्ट्यांमधून जो श्वासदर दाखवतो तो खोकला, हालचाल किंवा उथळ श्वास यांमुळे सहज चुकतो. संशय आला की तो बाजूला ठेवून डोळ्यांनी मोजावे. नाडी ऑक्सिमीटरवर मिळते म्हणून मनगट धरणे सोडू नये, कारण या प्रकरणात गरम हात यंत्राने सांगितला नव्हता.

घरी जाताना

डिस्चार्ज कार्डावर लाल शाईने आणि मराठीत लिहिले गेले: ‘या रुग्णाला ऑक्सिजन देताना सॅच्युरेशन ८८ ते ९२ ठेवावे. नेब्युलायझेशन हवेवर द्यावे.’ त्याची एक प्रत मुलाच्या पाकिटात आणि एक गावातल्या आशाताईंकडे दिली. इनहेलर स्पेसरसह (औषधाचा फवारा आधी साठवणाऱ्या पोकळ नळीसह) घ्यायला शिकवले आणि आजींनी तो स्वतः घेऊन दाखवेपर्यंत सुट्टी दिली नाही. चुलीविषयी बोलताना सुनेलाही बसवून घेतले. भाकरी गॅसवर करायची आणि अंघोळीचे पाणी तापवायची चूल पडवीतून मागच्या उघड्या अंगणात न्यायची, एवढे ठरले. चूल पूर्ण बंद करण्याची अपेक्षा सिलिंडरच्या भावाकडे पाहता व्यवहार्य नव्हती.

सहा आठवड्यांनी त्या तपासणीला आल्या. स्पायरोमेट्रीत पहिल्या सेकंदातील हवेचे एकूण हवेशी प्रमाण ०.४८ निघाले आणि पहिल्या सेकंदातील हवा अपेक्षेच्या ३८ टक्के. बसून, साध्या हवेवर सॅच्युरेशन ९१, मिनिटभर मोजलेला श्वास २०, पोटाची हालचाल सरळ. एबीजीत कार्बन डायऑक्साइड ४९ आणि ऑक्सिजन ६२ होता. मुलाने ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर घ्यायची तयारी केली होती, शेजारच्या गावातून तो उसनाही मिळणार होता. धमनीतील ऑक्सिजन ५५ किंवा त्याखाली असेल, किंवा ६० च्या खाली असून हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण अथवा तांबड्या पेशी वाढल्याची चिन्हे असतील, तरच कायमचा घरचा ऑक्सिजन या आजारात उपयोगी ठरतो, त्यामुळे यंत्र घेऊ नये असे त्याला स्पष्ट सांगितले. त्याऐवजी आईचा श्वास मिनिटभर कसा मोजायचा, पोट उलटे हलते म्हणजे काय दिसते आणि आजारपणात ती दिवसा अवेळी पेंगू लागली, हाक मारूनही नीट जागी होत नसेल, तर सॅच्युरेशन कितीही चांगले असले तरी लगेच निघायचे, हे त्याला आणि सुनेला आजींच्या शेजारी बसवून दाखवले.